बॅटरी, नग दोन

(सहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात, दवाखान्याच्या गाड्यांची देखभाल करणाऱ्या बंधूंनी केलेले भाषण. बोलण्याची त्यांची पद्धत शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



मला माइकसमोर बोलायची सवय नाही. माझे बहुतेक काम गाडीखाली पाठीवर पडून असते आणि तिथे ऐकणारे कोणी नसते. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘वाहनांचा अहवाल’ असे छापले आहे. किलोमीटर, डिझेल, टायर यांचा हिशेब तुमच्या हातातल्या कागदात आहेच, तो मी वाचून दाखवत नाही. त्यातल्या एकाच ओळीवर बोलतो. ‘पिकअपची बॅटरी, नग दोन.’

सकाळी चहाच्या वेळी एका ताईंनी मला गाठून विचारलेच, “भाऊ, एका गाडीला वर्षात दोन बॅटऱ्या कशा हो लागतात?” ताई, लागत नाहीत. नीट सांभाळली तर बॅटरी तीन-चार वर्षे सहज जाते. त्या दोन्ही बॅटऱ्या तुमच्या देणग्यांतून आल्या आणि दोन्ही माझ्या अज्ञानाने गेल्या. कशा गेल्या ते तुम्हाला सांगणे माझ्याकडे लागते.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. धडगावच्या वर जिथे डांबरी रस्ता संपतो तिथे आम्ही गाडी उभी करतो. त्याच्या पलीकडचे पाडे डोंगराच्या कुशीत विखुरलेले. आजारी माणसाला झोळीत घालायचे, बांबू खांद्यावर घ्यायचा आणि रस्त्यापर्यंत चालत यायचे, असा तिथला रिवाज. रिवाज म्हणजे नाइलाज. त्या रात्री एका पहिलटकरणीला आणत होते. निरोप आधी मिळाला होता, म्हणून मी पुढे जाऊन थांबलो. पाऊस होता. त्यांना वाट दिसावी म्हणून हेडलाइट चालू ठेवले, इंजिन बंद केले. डिझेल वाचवत होतो. वीसेक मिनिटांनी झोळी आली, बाईला मागे निजवले, मी किल्ली फिरवली आणि सेल्फने नुसते ‘टक्’ केले.

चौदा-पंधरा माणसांनी चिखलात धक्का मारला. आमची ती पिकअप जुनी, मेकॅनिकल पंपाची, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडल्यावर इंजिनाने धरले. नव्या कॉमन रेल गाडीला पंपासाठी आणि कंप्युटरसाठी पुरेशी वीज लागते, बॅटरी अगदी बसली असेल तर ती धक्क्यानेही धरत नाही. बाळ दवाखान्याच्या दारात झाले. आई आणि बाळ सुखरूप. परतताना त्या बाईचा सासरा मला म्हणाला, “दादा, तुमची गाडी पण झोळीतच आणावी लागली.” तो हसत म्हणाला. मला हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवी बॅटरी घेतली. पाच महिन्यांनी पुन्हा तेच. दुसरी घेतली. मला वाटले, पहिली खराब निघाली असेल. आता हिशेब करून पाहा. दोन हेडलाइट मिळून साधारण दहा अँपिअर खातात. वीस मिनिटे म्हणजे तासाचा तिसरा भाग, म्हणजे तीन-साडेतीन अँपिअर-तास. पिकअपची बॅटरी सत्तर-पंचाहत्तर अँपिअर-तासांची असते. भरलेल्या हंड्यातून तांब्याभर पाणी काढले तर हंडा रिकामा होत नाही. म्हणजे हंडा त्या रात्री मुळात भरलेलाच नव्हता. एवढा हिशेब सातवीतल्या पोरालाही जमतो. मी तो केला नाही.

मग धुळ्याच्या मंडळीतले एक काका आमच्याकडे आठ दिवस राहायला आले. काका एसटीच्या वर्कशॉपमधून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितले, “काका, मी मीटर लावून पाहिला, बारा व्होल्ट आहेत, बॅटरी बरोबर आहे.” काकांनी दोनच प्रश्न विचारले. “कधी लावलास? आणि कुठे लावलास?” मला एकाचेही उत्तर देता आले नाही. त्या दोन प्रश्नांवरच माझे सगळे भाषण आहे.

आधी ‘कधी’. आपण तिला बारा व्होल्टची बॅटरी म्हणतो, म्हणून बारा दिसले की आपल्याला बरे वाटते. तिच्या पोटात सहा घरे असतात आणि भरलेले प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट देते. सहा घरांचे झाले १२.६. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सकाळी किल्ली लावायच्या आधी, बॅटरीवर १२.६ दिसले तर ती भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव उरली. मी ज्या बारावर खूश होतो ती बॅटरी जवळजवळ उपाशी होती. सगळा खेळ एका व्होल्टच्या आतला आहे, म्हणून काट्याच्या घड्याळी मीटरपेक्षा आकडे दाखवणारा साधा डिजिटल मीटर बरा. बाजारात तो स्वस्तात मिळतो. डायल डीसी २० वर ठेवायचा, लाल वायर प्लसला, काळी मायनसला. वायरींची टोके बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवायची, वर कसलेल्या क्लॅम्पवर नाही. मीटरला ‘१० ए’ लिहिलेले एक वेगळे भोक असते. लाल वायर चुकून त्यात राहिली आणि तुम्ही बॅटरीला टेकलात तर ठिणगी उडून मीटर जातो. माझा एक गेला आहे. तो मात्र माझ्या खिशातून भरला, यादीत शोधू नका.

गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर ही मोजणी खोटी येते. दुधाला फेस आला की भांडे काठोकाठ दिसते, तसे चार्ज झालेल्या बॅटरीवर काही वेळ वरवरचा दाब राहतो. मीटर १२.९, १३ दाखवतो. एक तर काही तास थांबा, नाहीतर दोन मिनिटे हेडलाइट लावा, बंद करा, थोडे थांबा आणि मग पाहा. फेस बसतो.

दुसरी वेळ सेल्फ मारतानाची. मीटर लावून ठेवा आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. डिझेल इंजिनाचे दाबमान जास्त, त्यामुळे सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो आणि आकडा धाडकन खाली येतो. यायचाच. पण दहाच्या आसपास टिकला पाहिजे. ९.६ च्या खाली चालला तर काहीतरी बिघडले आहे. म्हातारी बॅटरी सकाळी १२.६ दाखवून तुम्हाला फसवते आणि सेल्फच्या वेळी आठवर कोसळते. नुसते बसलेल्या माणसाकडे पाहून त्याला चढ चढवेल की नाही ते कळत नाही, तसेच हे.

तिसरी वेळ इंजिन चालू असतानाची. इथे कामाला लागतो अल्टरनेटर. आमच्याकडचे जुने मिस्त्री अजून त्याला डायनमो म्हणतात. खरा डायनमो जुन्या जीपला असायचा, पण नाव चिकटले ते चिकटले. टाकीत पाणी चढवायचे तर ढकलणारा दाब टाकीतल्या पाण्याच्या दाबापेक्षा जास्त लागतो. बॅटरीचा स्वतःचा दाब १२.६, म्हणून अल्टरनेटरला त्याच्या वर जावेच लागते. थोडी रेस दिल्यावर, हेडलाइट लावून, बॅटरीच्या खुंटांवर १३.८ ते १४.६ यांच्या मध्ये कुठेही आकडा आला तर समाधान माना. स्लोवर थोडा कमी आला आणि रेस दिल्यावर उचलला तर काळजी नाही. बारा-साडेबारावरच अडून हळूहळू उतरू लागला तर अल्टरनेटर काही देत नाही, गाडी बॅटरीच खात चालली आहे. आणि पंधराच्या वर गेला तर आत बसलेला रेग्युलेटर बिघडला. मग बॅटरीचे पाणी उकळून आटते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब एकामागून एक उडतात. तो वास आला तर बॅटरीजवळ काडी पेटवू नका, तिथे हायड्रोजन वायू असतो.

आता ‘कुठे’. काकांनी माझ्या गाडीला रेस द्यायला लावली आणि मीटर बॅटरीवर ठेवला. १३.२. मी म्हणालो, “काका, अल्टरनेटर गेला.” मी तेव्हा तोही बदलला असता, आणि आज या यादीत आणखी एक नग तुम्हाला दिसला असता. काका काही बोलले नाहीत. त्यांनी मीटरचे लाल टोक अल्टरनेटरच्या मागच्या बोल्टवर आणि काळे टोक त्याच्याच अंगावर ठेवले. १४.२. अल्टरनेटर आपले काम चोख करत होता. वाटेत एक व्होल्ट कुठेतरी सांडत होता.

मग त्यांनी एक टोक अल्टरनेटरच्या बोल्टवर आणि दुसरे बॅटरीच्या प्लसवर ठेवले. मला वाटले, दोन्ही प्लस, काय दिसणार? वायर चांगली असेल तर जवळजवळ शून्यच दिसते. फार तर ०.२. इथे ०.९ आले. आम्ही ती वायर हाताने चाचपत गेलो. बॅटरीच्या बाजूला जिथे ती लगमध्ये दाबलेली होती तिथे लग चटका बसेल इतका गरम होता. वरचे वेष्टन काळवंडलेले, आत तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या, आणि निम्म्या तुटलेल्या. बॅटरीत जायची वीज तिथे नुसती ऊब देत होती.

म्हणजे झाले असे. सेल्फची जाड वायर वेगळी, ती चांगली. त्यामुळे नवी बॅटरी घातली की गाडी झोकात सुरू व्हायची आणि मी निश्चिंत. पण तिचे पोट कधीच पूर्ण भरत नव्हते. आमच्या फेऱ्या लहान, बऱ्याचशा रात्रीच्या, हेडलाइट आणि वायपर चालू. शिशाची बॅटरी महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे पांढरे खडे जमतात आणि मग ते विरघळत नाहीत. पुढे कितीही चार्ज करा, हंडाच लहान झालेला असतो. दोन बॅटऱ्या अशा गेल्या. दुरुस्तीला लागला एक लग आणि हातभर वायर. त्याचे बिल मी अहवालात लावले नाही, कारण ते चार माणसांच्या चहापेक्षा कमी होते.

मायनसची बाजूही तशीच तपासायची, ती आपण नेहमी विसरतो. एक टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, दुसरे बॅटरीच्या मायनसवर, आणि सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसले तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडे करा, घट्ट करा, वरून व्हॅसलीन लावा. आमच्या घरात सोड्याचा डबा आता दोन ठिकाणी असतो, एक स्वयंपाकघरात आणि एक गॅरेजात. हे मी आपणहून केलेले नाही, हिच्या हुकमाने केले आहे.

गेल्या वर्षी आपल्यातल्या एका तरुणाने सिगारेट लायटरच्या भोकात खोचायचा छोटा मीटर भेट दिला. फार उपयोगी आहे, आभारी आहे. पण तो बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा दोन-चार दशांश कमीच दाखवतो, कारण मधल्या वायरी आणि फ्यूज आपला वाटा खातात. म्हणून त्यातला फरक पाहायचा, रोजच्यापेक्षा आज वेगळा आहे का एवढेच. त्या मीटरने आमच्या नव्या ड्रायव्हरची झोपही उडवली होती. तोरणमाळला डिसेंबरच्या थंडीत मुक्काम, पहाटे गाडी सुरू केली तर मीटर बाराच्या जरासा वर. त्याने फोन केला, “दादा, चार्जिंग गेले.” मी म्हटले, दोन मिनिटे थांब आणि मला परत सांग. दोन मिनिटांनी १४.४. थंडीत डिझेल पेटावे म्हणून हीटर प्लग असतात, ते भरपूर वीज ओढतात, आणि काही गाड्यांत इंजिन सुरू झाल्यावरही थोडा वेळ चालू राहतात. ते बंद झाले की आकडा वर येतो. उलट मे महिन्यात शहाद्याच्या उन्हात, इंजिन तापलेले असताना १३.८ दिसले तर तेही ठीकच. गरम बॅटरीला कमी दाब पुरतो, म्हणून बरेच रेग्युलेटर उन्हात दाब आपोआप कमी करतात. तोच आकडा, एका ठिकाणी आजार, दुसऱ्या ठिकाणी आरोग्य. नव्या बीएस ६ गाड्यांत तर काहींचा अल्टरनेटर कंप्युटरच्या सांगण्यावरून चालतो. डिझेल वाचवायला तो मधूनच दाब साडेबारापर्यंत उतरवतो आणि पुन्हा चढवतो. अशा गाडीचा एकदाच घेतलेला आकडा काहीच सांगत नाही.

आता एक गोष्ट, जिच्यासाठी मी खरे तर वेळ मागून घेतला. डॅशबोर्डवर बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा असतो. किल्ली लावली की तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाले की विझला पाहिजे. चालत्या गाडीत तो पेटला की पुष्कळ जण म्हणतात, चार्जिंगचाच आहे ना, पोचू घरापर्यंत. आमचा तोच ड्रायव्हर चांदसैली घाट उतरत होता, मागे सहा माणसे. दिवा पेटला. त्यानेही तेच ठरवले. तिसऱ्या वळणावर ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक झाले.

कारण असे की आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. एकच पट्टा अल्टरनेटर फिरवतो, त्याच्या मागे व्हॅक्यूम पंप फिरतो, आणि बहुतेक वेळा पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर. पट्टा तुटला की तिन्ही गेले. साठलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक दोन-तीन वेळा हलका लागतो, मग सगळे पायाच्या ताकदीवर. दिवा मात्र एकच पेटतो, आणि त्याच्यावर चित्र असते बॅटरीचे. पोरगा हुशार, त्याने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, दुसरा गिअर टाकला आणि डोंगराच्या बाजूला चर होता त्यात चाक घातले. कोणाला ओरखडाही आला नाही. पण ज्या दिवशी तो हे सांगायला आला त्या दिवशी मला कळले की मी त्याला गिअर शिकवले, ऑइल शिकवले, पण तो दिवा काय सांगतो हे शिकवले नाही. आता आमच्याकडे नियम आहे. लाल दिवा पेटला की पहिल्या सपाट जागेवर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचे, पट्टा पाहायचा. सीटखाली एक नवा पट्टा आणि दोन पाने कायम. त्या पंपाचे ऑइल गळून अल्टरनेटरमध्ये गेले की आतले कार्बन खराब होतात, म्हणून अल्टरनेटर वारंवार जात असेल तर आधी मागे ऑइल ओले आहे का ते बोट फिरवून बघा.

आणि एक जुनी खोड सोडा. चार्जिंग आहे का हे बघायला चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढायचे, हे मी स्वतः कितीदा केले आहे. बॅटरी सुटली की दाब क्षणात उसळतो आणि डायोड किंवा नव्या गाडीचा कंप्युटर जळतो. मीटर असताना हे धाडस कशाला? दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट घेतानाही शेवटची मायनसची वायर बसलेल्या बॅटरीला लावू नका, लांब इंजिनच्या धातूला लावा. ठिणगी वायूपासून दूर राहते.

वही आणली आहे, बघायची असेल तर समोर टेबलावर ठेवतो. दर सोमवारी सकाळी प्रत्येक गाडीच्या नावाखाली तीन आकडे लिहितो, उभी असताना, सेल्फ मारताना आणि रेसवर. सोबत गार की गरम, आणि मीटर कुठे लावला ते. काकांच्या दोन प्रश्नांसाठी दोन रकाने आहेत. पिकअपचा या सोमवारचा आकडा १२.६, १०.४ आणि १४.२. बॅटरी तीच, दुसरी. तिचे थोडे पोट माझ्या चुकीने आटले आहे, पण लग बदलल्यापासून ती टिकून आहे, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत नवी मागायची वेळ येईल असे वाटत नाही. तशी आली तर सोबत तिचे आकडेही पाठवीन.

जेवणाला अजून अर्धा तास आहे. बाहेर आवारात ज्यांच्या गाड्या सकाळपासून उभ्या आहेत त्यांनी कृपा करून अजून किल्ली लावू नका. माझ्याकडे मीटर आहे, आपण आधी उभ्या गाडीचा आकडा घेऊ.